अर्थिंगला पाणी

दुकानदाराच्या अंगावर दोन गोष्टी आपोआप साचतात. एक पोत्यांची धूळ आणि दुसरे किस्से. धूळ संध्याकाळी उपरण्यानं झटकता येते. किस्से झटकायला माणसं लागतात, म्हणून तुम्हाला बसवून घेतलंय!

ताडकळसला आमचं बी-बियाण्याचं, खताचं दुकान, एका फळीवर वह्या-पेन्सिलीही. दुकानामागंच घर. मी शाळेत गेलो चौथीपर्यंत, पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. आता गावात पिवळी पाटी लावलेले बूथ झालेत, काचेच्या खोलीत शिरलं की मुंबई कानात. पण त्याआधी बरीच वर्षं पोस्ट सोडलं तर गावात बोलता येईल असा फोन आमच्याच घरात होता. एका तारेवर लोंबकळणारा, चक्री फिरवायचा, तोही पूर्णेच्या ऑपरेटर बाईंच्या मर्जीवर चालणारा. त्या फोनच्या पायी इतकी माणसं आमच्या ओट्यावर येऊन गेली की मोजदाद नाही. ओट्यावर म्हणजे बहुतेक ओट्यावर. धुरपताबाई मात्र ओट्याखाली. तिचं पुढं येईलच.

*

फोन बसला त्या दिवसाचाच किस्सा घ्या.

लाइनमन रशीदभाई पूर्णेहून सायकलवर आले. गळ्यात तारेची वेटोळी, तोंडात पान. त्यांनी दुकानाच्या गल्ल्याजवळ जागा बघितली आणि खिळा ठोकायला घेतला. आमचे वडील, आप्पा, आतून गरजले, "थांब! ती वस्तू चव्हाट्यावर ठेवायची न्हाई."

आप्पांनी जागा दाखवली ती थेट माजघरात, देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात. म्हणजे ओटा ओलांडायचा, दुकान ओलांडायचं, सोपा ओलांडायचा, उंबरठा ओलांडायचा आणि मग फोन.

रशीदभाई म्हणाले, "आप्पा, इत्ता अंदर डाले तो घंटी बाहर कैसी सुनाई देगी?"

आप्पा विभूतीची बोटं फोनवर ओढत म्हणाले, "घरातली गोष्ट बाहेर ऐकू जावी कशाला?"

रशीदभाईंनी पान दुसऱ्या गालात सारलं आणि खिळा ठोकला.

*

आमच्या बैठकीतले गंगाधरतात्या. बागायतदार, तोंडानं फटकळ, पण रीतीला पक्के. त्यांच्या व्याह्यांचं गाव जिंतूर, आणि व्याह्यांची बहीण दिलेली आमच्या गावात. ती म्हातारी एका सकाळी गेली. तात्या धावत आले, "शेठ, जिंतूरला लावा. मातीला बोलवायचंय."

त्या काळी ट्रंक कॉल म्हणजे तीन मिनिटं. नशिबानं लागला. तात्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"राम राम पाव्हणं! ... व्हय, आमी बरे. तुमी? ... पोरगी काय म्हणती? ... बैल घेतला म्हणं? ... कसा हाय? ... लय छान. ... आन् पाऊस?"

मी बाजूला उभा. बोटं दाखवतोय, डोळे मोठे करतोय. तात्या मला हातानं गप्प करतायत. आता वाईट बातमी सांगायची तर आधी क्षेमकुशल झालंच पाहिजे, आणि तेही दोन्ही बाजूंचं! नाहीतर व्याही काय म्हणतील?

खट्. कट झालं.

"तात्या, सांगितलं का?"

"सांगणारच होतो, तेवढ्यात बंद पडला की वो!" मग खुर्चीवर बसून घाम पुसत म्हणाले, "पण काही म्हणा शेठ, व्याही बोलायला लय मोठ्या मनाचा माणूस."

पुन्हा लाइन लागली नाही. एसटीनं माणूस पाठवला. व्याही पोचले तेव्हा राखेवर पाणी मारायला लागले होते.

*

उन्हाळा आला की आमचा फोन मरायला टेकायचा. पलीकडचा माणूस विहिरीतून बोलल्यासारखा, मग विहिरीच्या पलीकडून, मग नुसताच श्वास. खांब तपासले, सेल बदलले, तारेवरचं कावळ्याचं घरटं काढलं. आवाज काही सुधरेना.

शेवटी रशीदभाईंनी ओट्याच्या बाहेरच्या अंगाला, भिंतीच्या पायाशी गाडलेली लोखंडी सळई दाखवली. "सेठ, एक तार ऊपर से जाती, दुसरी तार मंजे ये जमीन. अर्थिंग. जमीन सूखी तो आवाज सूखी. पानी डालो."

घागरभर पाणी ओतलं. पाचच मिनिटांत ऑपरेटर बाई घरात येऊन बोलल्यासारख्या खणखणीत!

पण ते वर्ष दुष्काळाचं. आमच्या आईनं, अव्वानं, विहिरीवरूनच सांगितलं, "माणसांना प्यायला न्हाई आन् तुमी सळईला पाजा!" तेव्हा आप्पांनी नियम काढला. ज्याला फोन करायचा त्यानं पाणी घेऊन यायचं. कोणी तांब्या आणायचा, कोणी कळशी. परगावची एक म्हातारी हे बघून सळईला हळद-कुंकू वाहून गेली. आप्पा म्हणाले, "असू द्या. नारळ फोडू नका म्हणावं, तार हलती."

सगळ्यांत भरलेली घागर यायची ती धुरपताबाईची. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर हातपंप होता, तिथून ती डोक्यावर आणायची. तात्यांना एकदा खुमखुमी आली. भर बैठकीत म्हणाले, "आप्पा, वस्तीचं पाणी तुमच्या सळईला, सळईची तार तुमच्या देव्हाऱ्यापाशी. चालतं का हे?"

 आप्पांनी शांतपणे सुपारी कातरली. "पाणी भुईत गेलं की भुईचं झालं."

"आन् माणूस?"

"माणूस भुईत गेल्यावर बघू."

*

आता धुरपताबाईचं सांगतो.

नवरा नव्हता. कापूस वेचून, निंदून-खुरपून तिनं एकुलत्या एक लेकाला, गौतमला, शिकवलं. तो लहान असताना वही-पेन्सिल घ्यायला यायचा, ओट्याखाली उभा राहून हात वर करायचा. हात पोचायचा नाही, मी वरून टाकायचो. पुढं उंच झाला, हात पोचायला लागला, पण उभा तिथंच. मग गेला औरंगाबादला, मोठ्या कॉलेजात.

आठवडी बाजाराच्या दिवशी त्याचा फोन यायचा. धुरपताबाई आधी येऊन सळईवर घागर रिकामी करायची आणि ओट्याखाली उभी राहायची. आत ये असं कोणी म्हणायचं नाही, आणि येऊ नको असंही कोणी म्हणायचं नाही. तशी गरजच नव्हती. फोन देव्हाऱ्यापाशी, ती ओट्याखाली, आणि मध्ये मी.

गौतम म्हणायचा, "आईला विचारा, गुडघा कसा आहे." मी रिसीव्हर कोनाड्यात ठेवायचो, उंबरठा, सोपा, दुकान ओलांडून ओट्यावर. "गुडघा कसा हाय विचारायलाय."

"बरा हाय म्हणावं. जेवला का विचारा."

परत आत. "आई म्हणते बरा आहे. जेवलास का?"

"जेवलो म्हणावं."

परत बाहेर. तीन मिनिटांत गुडघा आणि जेवण, एवढंच मावायचं. पण धुरपताबाईचा एक प्रश्न ठरलेला, आणि तो लेकासाठी नसायचा, माझ्यासाठी असायचा. "आवाज कसा हाय वो त्याचा, शेठ?"

"चांगला हाय."

"चांगला म्हंजी? बसलाय का? बापाचा होता तसा जाड झालाय का?"

आता आवाज कसा सांगायचा? मी म्हणायचो, "जाड झालाय." ती मान हलवायची, समाधानानं नाही, नुसती हलवायची. "एकडाव कानानं ऐकायचा हाय मला," म्हणायची आणि रिकामी घागर उचलायची.

एकदा दुकानात गर्दी होती. तिनं नेहमीचं विचारलं, जेवला का. मी सोप्यापर्यंत गेलो, तिथूनच वळलो आणि सांगितलं, "जेवला म्हणतो."

धुरपताबाई माझ्याकडं बघत राहिली. "शेठ, आज लय लौकर आलात. उंबऱ्याच्या आत पाय टाकल्याचा आवाज न्हाई आला."

तेव्हापासून मी शेवटपर्यंत चालत गेलो बरं का!

*

पुढं गंमत झाली. टेलिफोनच्या ऑफिसातून रशीदभाईंना हुकूम आला, ताडकळसच्या लाइनची तपासणी करा. औरंगाबादहून एका विद्यार्थ्यानं तक्रार टाकली होती. तक्रार अशी की, मी बोलल्यावर पलीकडून उत्तर यायला फार वेळ लागतो, लाइनीत दोष आहे, शोधून दुरुस्त करावा.

विद्यार्थी कोण, हे सांगायला नको.

रशीदभाई पूर्णेपासून खांब खांब बघत आले. सांधे घासले, सेल बदलले, सळई उपटून नवी ठोकली. मग पूर्णेला लावून म्हणाले, "बोलो, बाई." बाई तिकडून लगेच, "बोलतेय की!" शब्दाला शब्द भिडला.

"लाइन फर्स्ट क्लास है," रशीदभाई म्हणाले. "अब फॉल्ट आनेतक रुकते."

बाजाराच्या दिवशी ते ओट्याच्या पायरीवर विडी ओढत बसले. शेजारी खाली धुरपताबाई. घंटी वाजली. मी आत. मी बाहेर. मी आत. मी बाहेर. रशीदभाईंची मान माझ्याबरोबर हलायची, विडी हातात विझली. कॉल संपल्यावर उठले, चपला काढल्या आणि आप्पांपुढं जाऊन उभे राहिले.

"आप्पा, फॉल्ट मिल गया. तार छोटी है. थोडी लंबी करके देता, ओटे तक आती. बाई अपने मूं से बात करेगी."

आप्पांना कळायचं ते कळलं. "आन् तिनं तोंडाला लावलेलं पुन्हा देव्हाऱ्याजवळ ठेवायचं?"

रशीदभाई हसून म्हणाले, "मेरे भी हात हमेशा लगते उसकू, आप्पा."

"तुमचं वेगळं," आप्पा म्हणाले. "तुमी सरकारी."

रशीदभाईंनी चपला घातल्या. बाहेर मला म्हणाले, "साहब कू लिखता मैं, लाइन में कुछ नै." सायकलवर टांग टाकताना धुरपताबाईकडं बघून मान खाली घातली. ती म्हणाली, "सापडला का वो बिघाड?"

"मिला, बाई."

"निघंल का?"

रशीदभाई सायकल मारत गेले.

*

नामांतराची वर्षं ती. आज मोर्चा, उद्या बंद, परवा अफवा. विद्यापीठाचं नाव बदलणार असं पक्कं झालं त्या थंडीत तर गावातलं वारंच बदललं. तात्या आणि मंडळी बैठकीत हळू बोलायला लागली, म्हणजे काहीतरी भयंकरच! वस्तीवरचे लोक पाळीनं जागायचे. धुरपताबाई बाजाराला येईना, पण फोनच्या वेळेला घागर घेऊन यायची. येताना चार बायका सोबत असायच्या, त्या कोपऱ्यावर थांबायच्या.

एका सकाळी फोन मुका. गावाबाहेर दोन खांबांमधली तार कोणीतरी तोडली होती. बाहेरून पोलीस बोलावता येऊ नयेत म्हणून तोडली, हे सगळ्यांना माहीत. कोणी तोडली, हेही सगळ्यांना माहीत. 

दुपारी त्यातलाच एक पोरगा पळत आला. त्याच्या म्हाताऱ्याच्या छातीत कळ निघाली होती. "शेठ, परभणीला लावा! गाडी बोलवा!"

"लागंना."

"कामून लागंना?"

मी त्याच्याकडं बघितलं. आप्पांनी बघितलं. तो हात बांधून उभा राहिला, मग एकदम ओरडला, "मग कशाला ठेवलाय हा डबा घरात? वेळेला कामाला येत न्हाई!"

म्हाताऱ्याला बैलगाडीत घातलं. गाडी पूर्णेला पोचली, म्हातारा वाटेत राहिला. तार जोडायला रशीदभाई आले ते दोन पोलीस घेऊन. खांबावर चढता चढता त्या पोराच्या दारातली मयत बघितली आणि विचारलं, "कौन गया?" मी सांगितलं. रशीदभाईंनी तार ओढून सांधा आवळला. मग म्हणाले, "तार बदला नै लेती, सेठ. पर काटनेवाले के घर कू बी वहीच तार लगती."

*

आणि हा शेवटचा.

तार जोडून झाली त्याच आठवड्यात. बाजार भरलाच नव्हता. दुकान अर्धं उघडं. घंटी वाजली, ऑपरेटर बाईंचा आवाज नेहमीचा नव्हता. "शेठ, औरंगाबाद. दवाखान्यातून आहे. बोला."

गौतमचा मित्र होता. शहरात दगडफेक झाली होती, गौतमच्या डोक्याला लागलं होतं. डॉक्टर काही बोलत नव्हते. खाट ओढून फोनपाशी आणली होती. "तो सारखा आई म्हणतोय. त्यांना बोलवा. लवकर बोलवा."

मी माणूस पिटाळला. बाईंना म्हटलं, "कट करू नका."

"नाही करत," बाई म्हणाल्या. "बसलेय मी इथंच."

धुरपताबाई पळत आली. पळत, पण डोक्यावर घागर! थंडीचे दिवस, जमीन ओली, त्या दिवशी पाण्याची गरजच नव्हती. तिला कोण सांगणार? तिनं सळईवर घागर पालथी केली, पदर तोंडात धरला आणि नेहमीच्या जागी उभी राहिली.

मी आत. गौतमचा आवाज आला, बारीक पण साफ. "आई आली का?"

मी बाहेर. "आली का विचारायलाय."

"आलेय म्हणा! म्हणा, डोळे झाकू नको!"

मी आत. सांगितलं. तो म्हणाला, "तिचा गुडघा..." आणि थांबला. मी बाहेर पळालो, परत आत पळालो. सोप्यावर आप्पा बसले होते, मधोमध, वाटेवरच. प्रत्येक खेपेला त्यांचं धोतर माझ्या पायाला लागत होतं.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला आप्पा उठले. काठी घेतली. कोणाकडं न बघता म्हणाले, "मी मळ्यात जाऊन येतो."

आणि मागच्या दारानं गेले. आमच्या घरात एवढ्यानं होकार होत असे.

मी ओट्यावरून ओरडलो, "बाई, आत या!"

धुरपताबाई हलेना. तिनं पायांकडं बघितलं. "चिखलाचे हायत, शेठ."

"येऊ द्या चिखल! या!"

ती ओट्याच्या पायरीवर थांबली आणि पाय पुसायला लागली. एक पुसला, दुसरा पुसला, परत पहिला. मग ओटा, दुकान, सोपा. उंबरठ्यापाशी वाकून हात लावला, हात कपाळाला नेला, आणि आत आली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं रिसीव्हर हातात घेतला. उलटा धरला होता. मी सरळ केला.

"गौतम?" ती म्हणाली.

पलीकडून आला आवाज. काय म्हणाला ते मला कळलं नाही, पण आला एवढं कळलं, कारण तिचा चेहरा असा झाला की मी भिंतीकडं बघितलं.

"बापासारखाच झालाय," ती मला म्हणाली. मग फोनमध्ये, हळू, "जेवलास का, बाबा?"

आणि ऐकत उभी राहिली.

लाइन त्या दिवशी इतकी स्वच्छ होती की मला बाजूला उभं राहून सगळं ऐकू येत होतं. खाट सरकली. कोणीतरी धावत गेलं. ट्रे पडला. मग तो मित्र रडायला लागला, आणि पूर्णेला बसलेल्या ऑपरेटर बाईही.

मी हात पुढं केला, रिसीव्हर घ्यायला.

धुरपताबाईनं मान हलवली. कानाला आणखी घट्ट लावून धरला.

"थांबा, शेठ," ती म्हणाली. "तिकडून यायला वेळ लागतो."